शाळा सुटल्यावरचे तास : मुलांनी स्वतः करून शिकावं यासाठी काय करता येईल?

मोरपीस

नमस्कार मंडळी. शाळा सुटल्यापासून आईबाबा कामावरून परत येईपर्यंत मुलांना सांभाळणारा एक गट मी चालवते. पहिली ते चौथीची वीसेक मुलं, आम्ही दोघी ताया, एक मोठी खोली आणि बाहेर थोडी मोकळी जागा. 'मुलांना काहीतरी ॲक्टिव्हिटी द्या' अशी मागणी सगळीकडून येते, पण त्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं मला पटत नाही, म्हणून हा धागा. आखलेल्या सशावर कापूस चिकटवा, दिलेल्या चित्रात रंग भरा, ताईंनी केलं तस्सं करून दाखवा. मुलांचे हात गुंतलेले राहतात, पण डोक्याला काही काम नसतं. शेवटी वीस एकसारखे ससे भिंतीवर लागतात आणि पालकही खूश होतात.

माझ्या मते करून शिकणं तेव्हाच म्हणावं, जेव्हा काय करायचं, कसं करायचं आणि ते जमलं की नाही यांपैकी निदान एक गोष्ट मुलाने स्वतः ठरवलेली असते. आमच्याकडे चाललेला एक खेळ सविस्तर सांगते.

पुस्तकांच्या दोन चळती, मध्ये वीतभर अंतर. प्रत्येक जोडीला एकच कोरा कागद. त्याचा पूल करायचा आणि त्यावर जास्तीत जास्त नाणी ठेवून दाखवायची. कात्री, डिंक काही नाही. नुसता कागद टाकला की एकदोन नाण्यांतच तो मधोमध वाकतो आणि नाणी खाली. मग कुणी कागद दुमडून दुप्पट जाड करतं, कुणी कडा वर वळवून पन्हळीसारखा आकार देतं, कुणी गुंडाळी करतं आणि मग तिच्यावर नाणी टिकत नाहीत म्हणून वैतागतं. दुसरीतल्या एका मुलाने पंख्यासारख्या घड्या घातल्या, पण त्या आडव्या ठेवल्या, म्हणजे घडी एका चळतीकडून दुसरीकडे जाण्याऐवजी त्या दिशेला काटकोनात. पूल लगेच झोपला. मला 'फिरवून बघ' म्हणायचा फार मोह झाला होता, पण गप्प राहिले. त्याने घड्या सोडल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा आडव्याच. तिसऱ्या वेळी शेजारची मुलगी म्हणाली, "तुझा पूल इथेच का मोडतो?" त्याने वाकून बाजूने बघितलं, बोट घडीवरून फिरवलं आणि कागद फिरवला. नंतर नाणी संपली, पूल काही मोडला नाही.

घडीमुळे कागदाला उंची मिळते आणि तो वाकायला कठीण जातो, हे मी नंतर दोन वाक्यांत सांगितलं. आधी सांगितलं असतं तर कुणी ऐकलंही नसतं.

आता मला तुमच्याकडून हवं आहे ते असं. गृहपाठाचं काय करता? लहानमोठी मुलं एकत्र असताना काय चालतं? आणि पालकांना 'आज काय शिकलं' हे कसं दाखवता?

पायवाट

मोरपीसताई, धागा आवडला. मी प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळे शाळेच्या बाजूने लिहिते.

तो न सांगण्याचा मोह आवरणं हेच आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधल्या संवादांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असं त्यांना दिसलं. हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून जास्त नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. उद्या एक प्रश्न विचारून मनात तीन मोजून बघा, किती लांब वाटतात ते.

दुसरं म्हणजे प्रश्नाचा प्रकार. 'हे चौकोन आहे ना?' यात मुलाने फक्त मान डोलवायची असते. 'तू हे असं का केलंस?' हा प्रश्न चांगला, पण सूर चुकला तर मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. मी त्याऐवजी 'पुढे काय होईल असं तुला वाटतं?' असं विचारते. अंदाज सांगितला की मूल त्यात गुंततं, आणि काय होतंय ते बघायला थांबतं. तुमच्या पुलात नाणी ठेवण्याआधी प्रत्येकाला किती टिकतील याचा अंदाज कागदावर लिहायला सांगा.

निळीशाई

मी पालक म्हणून लिहितेय, जरा वेगळं. कागदाचे पूल छानच, पण मी संध्याकाळी सात वाजता घरी पोचते. मुलगी तिसरीत आहे. गृहपाठ राहिलेला असेल तर जेवण, आंघोळ, गृहपाठ आणि रडारड सगळं एकाच तासात. आमच्या केंद्राकडून माझी पहिली अपेक्षा गृहपाठ संपवून देण्याचीच आहे. यात मी काही वावगं मागते असं मला वाटत नाही.

मोरपीस

निळीशाई, अजिबात वावगं नाही. गृहपाठ घरी शिल्लक ठेवून आम्ही इथे प्रयोग करत बसलो तर त्याचा भार तुमच्या लेकीवरच पडेल. आमच्याकडे गृहपाठाला ठरलेला वेळ आहे, पण मुलं आल्या आल्या लगेच नाही. पाच-सहा तास बाकावर बसून आलेलं मूल आधी खातं, धावतं, किंवा नुसतं पडून राहतं. मग वह्या निघतात.

कुठला विषय आधी आणि कुठे बसून, हे मूल ठरवतं. अडलं तर आधी प्रश्न मोठ्याने वाचायचा, मग शेजाऱ्याला विचारायचं, मग ताईकडे यायचं. आणि ताई उत्तर सांगत नाही. परवा दुसरीतल्या मुलीने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलं होतं. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने सातातून दोन वजा केले, हे बहुतेक मुलं कधी ना कधी करतातच. मी 'चूक आहे' म्हटलं नाही. म्हटलं, ३५ मध्ये २७ परत मिळव आणि बघ कुठे पोचतेस. ती ६२ वर पोचली आणि वहीकडे बघतच राहिली. मग काड्यांचे गठ्ठे काढले, दहाच्या पाच जुड्या आणि सुट्या दोन. सात द्यायचे आहेत, सुट्या दोनच आहेत, काय करशील? तिने स्वतःच एका जुडीचं रबर काढलं. पुढची चारही उदाहरणं तिने काड्यांना हात न लावता केली.

याला उत्तर सांगून टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे खरं. पण त्या दिवशी ती घरी जाऊन आईला विचारणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात मलाही नाही.

घड्याळदार

चर्चा चांगली चालू आहे, पण एक मुद्दा ठामपणे मांडतो. 'मुलांना स्वतः शोधू द्या' हे प्रमाणाबाहेर ताणलं जातं. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा २००६ चा लेख या विषयात प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं असं की नवशिक्याला फारसं मार्गदर्शन न देता सोडून दिलं तर त्याचं सगळं लक्ष चाचपडण्यातच खर्च होतं, आणि शिकायला लागणारी जागा डोक्यात उरत नाही. ज्याला आधीच बरंच येतं त्याला मोकळेपणाचा फायदा होतो. सात वर्षांचं मूल बहुतेक बाबतींत नवशिकंच असतं. वाचनाची अक्षरओळख, लेखणी धरणं, पट्टीने मोजणं या गोष्टी सरळ शिकवाव्यात. पट्टी शून्यापासून धरायची असते हे मुलाने शोधून काढावं म्हणून अर्धा तास वाट बघण्यात मला काही हशील दिसत नाही.

पायवाट

घड्याळदार, तुमच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, आणि तो या धाग्यात यायला हवाच होता. साधन कसं वापरायचं ते दाखवावं. साधनाने काय मोजायचं ते मुलावर सोडावं. पट्टी कशी धरायची हे मी दोन मिनिटांत दाखवते. मग सांगते, 'या खोलीत तुझ्या उंचीएवढी लांब कुठली गोष्ट आहे ती शोध.' इथून पुढे मी बाजूला होते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी मांडलेली कल्पना अजूनही या कामात सगळ्यात उपयोगी पडते. मूल एकट्याने करू शकतं ते एक, मदत घेऊन करू शकतं ते दुसरं, आणि शिकणं घडतं ते या दोघांच्या मधल्या पट्ट्यात. मोरपीसताईंनी काड्या पुढे ठेवल्या ती मदतच होती. रबर मात्र मुलीने काढलं. मदत किती द्यायची हे दर मुलागणिक आणि दर दिवसागणिक बदलतं, म्हणून ते कुठल्या तक्त्यात बसत नाही. ताईला मूल माहीत असावं लागतं.

घड्याळदार

असं असेल तर मतभेद उरला नाही.

रानजाई

मिश्र वयोगटाबद्दल थोडं. शाळेत एका इयत्तेची मुलं एकत्र असतात. शाळेनंतरच्या केंद्रात सहा ते दहा वर्षांची मुलं एकाच खोलीत, आणि अनेक केंद्रं याकडे अडचण म्हणून बघतात. मला ती या जागेची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटते. चौथीतल्या मुलाला पहिलीतल्याला काही समजावून सांगावं लागतं तेव्हा त्याला आपलं स्वतःचं ज्ञान नीट लावून घ्यावं लागतं.

पण 'तू मोठा आहेस, याला शिकव' एवढ्याने भागत नाही. मोठं मूल लहानाच्या हातातली पेन्सिल घेतं आणि स्वतःच करून मोकळं होतं. आमच्याकडे नियम आहे, शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. फक्त बोलून सांगायचं. या एका नियमाने खूप फरक पडतो. मोठ्या मुलांना शब्द शोधावे लागतात, 'तिकडे नाही, डावीकडे, खालच्या ओळीत' असं नेमकं बोलावं लागतं. आणि लहान मुलालाही स्वतःच करावं लागतं.

आणखी एक चालणारी पद्धत म्हणजे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली, आधी एकट्याने विचार, मग जोडीदाराशी बोलणं, मग सगळ्यांसमोर सांगणं. लाजऱ्या मुलांसाठी मधली पायरी फार मोलाची आहे. जोडीदाराला एकदा सांगून झालेलं असलं की सगळ्यांसमोर बोलायची भीती निम्मी होते. आम्ही त्यात एक भर घातली आहे : सांगताना स्वतःचं नाही, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. त्यामुळे ऐकावंही लागतं.

मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरॉन्सन यांची १९७१ ची, गटातल्या प्रत्येकाला माहितीचा एकेक तुकडा वाचायला देऊन तो इतरांना समजावायला लावण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते. तिसरी-चौथीला छोट्या रूपात जमते. पहिलीच्या मुलांचं वाचन अजून तेवढं पक्कं नसतं, तिथे आग्रह धरू नये.

निळीशाई

हात पाठीमागे हे मी आजच घरी करून बघणार. थोरला धाकटीचं सगळं स्वतः करून टाकतो.

सावलीतला

बक्षिसांबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्या मुलाच्या केंद्रात प्रत्येक कृतीला तारा मिळतो, दहा तारे झाले की भेटवस्तू. सुरुवातीला मुलगा उत्साहाने जायचा. आता वाचायला पुस्तक दिलं की विचारतो, किती तारे मिळतील.

रानजाई

सावलीतला, यावर एक जुना आणि फार स्वच्छ प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला. ज्या मुलांना रंगीत मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी तेच मार्कर मोकळ्या वेळात टेबलावर ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या कबुलीवर चित्रं काढलेली मुलं त्याकडे इतरांच्या मानाने निम्माच वेळ वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणजे शाबासकी वाईट नाही. आवडीच्या कामाचा आधीच सौदा ठरवणं वाईट. ताईंशी बोलून बघा. ताऱ्याऐवजी मुलाने काय केलं ते नेमकं सांगावं, 'तू तीनदा मोडूनही वेगळी घडी करून बघितलीस' असं. मुलाला कळतं की कुणीतरी खरंच बघत होतं.

अंगणवेल

मला सामानाबद्दल लिहायचंय. महागडे शैक्षणिक संच घेण्याआधी एक पेटी भरा : खोके, दोऱ्या, झाकणं, नळकांडी, जुन्या चादरी, लाकडाचे गुळगुळीत तुकडे, चिमटे, दगड. ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये हाच विचार मांडला होता. एखाद्या जागेत मुलं किती कल्पक होतील हे तिथे हलवता, जोडता, बदलता येण्याजोग्या सुट्या गोष्टी किती आणि किती प्रकारच्या आहेत यावर अवलंबून असतं. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुपला टाकाऊ सामानाचं क्रीडांगण सुरू झालं. भूदृश्यरचनाकार सोरेन्सन यांनी पाहिलं होतं की आखीव बागेपेक्षा बांधकामाच्या जागी मुलं जास्त रमतात. युद्धाच्या दिवसांत मुलांनी तिथे हातोडी, खिळे घेऊन घरं उभारली.

आपण हातोडीपर्यंत जायची गरज नाही. पण चादर आणि चिमटे दिले की तासाभरात तंबू उभा राहतो, तो कोसळतो, आणि 'खांब तिरका का ठेवायचा' यावर कडाक्याचं भांडण होतं. त्या भांडणात मी पडत नाही. गोष्ट हातघाईवर येतेय असं दिसलं तरच.

सुरक्षेचं म्हणाल तर दर आठवड्याला पेटी उपसून तुटकं, टोकदार बाहेर काढणं हे काम मोठ्या माणसाचंच. पहिलीतली मुलं अजूनही वस्तू तोंडात घालतात, म्हणून बटणाच्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं पेटीत चुकूनही नकोत. गिळली तर जिवावर बेतू शकतं.

सावलीतला

आणि काहीच करायचं नसलेल्या मुलाचं काय? आमचा दिवसभराच्या गोंगाटाने दमलेला असतो. त्याला कोपऱ्यात बसून राहायचं असतं, आणि ताई त्याला सारखं 'ये ना खेळायला' म्हणतात.

मोरपीस

सावलीतला, त्याला बसू द्यावं. माझं यावर अगदी ठाम मत आहे. शाळेत दिवसभर प्रत्येक मिनिट दुसऱ्याने ठरवलेलं असतं. शाळेनंतरचा वेळही तसाच गच्च भरला तर मुलाला स्वतःला काय करावंसं वाटतंय याची जाणीवच होत नाही. आमच्याकडे एक शांत कोपरा आहे, गाद्या, थोडी पुस्तकं, पडदा. तिथे जायला परवानगी लागत नाही आणि तिथल्या मुलाला कुणी बोलवत नाही. बरीचशी मुलं तिथूनच दुसऱ्यांचा खेळ बघत असतात, आणि मग मध्येच उठून अशी काही सूचना देतात की कळतं, हा सगळं टिपत होता.

स्वीडनमध्ये शाळेनंतरच्या केंद्रांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रमात २०१६ मध्ये स्वतंत्र भाग घातला गेला. या वेळेला स्वतःचं शिक्षणमूल्य आहे, ती शाळेची शेपटी नाही, हे एका देशाने कागदावर मान्य केलं याचं मला फार अप्रूप वाटतं. पण त्याचा अर्थ प्रत्येक दुपारचं वेळापत्रक ठोकून भरावं असा घेऊ नये.

पालकांना काय दाखवायचं, या माझ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही.

पायवाट

घालते. हा खरोखर अवघड भाग आहे, कारण करून शिकताना शिकल्यासारखं वाटत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच विषय एका गटाला छान व्याख्यानातून, दुसऱ्याला स्वतः सोडवायला लावून शिकवला. स्वतः सोडवणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं! मोठ्या विद्यार्थ्यांची ही गत, तर 'आज काय शिकलास?' या प्रश्नाला आठ वर्षांचं मूल 'काही नाही, खेळलो' असंच म्हणणार.

म्हणून ससे लावायच्या भिंतीवर प्रश्न लावा. मुलाने विचारलेला प्रश्न, त्याच्याच शब्दांत, खाली त्याने काय करून बघितलं त्याचं चित्र. 'ओला कागद का फाटतो?' 'मुंगी पाण्यावर बुडत का नाही?' न्यायला आलेल्या पालकाला दारातच कळतं, आणि मुलाशी बोलायला सूत्र मिळतं. 'काय शिकलास' ऐवजी 'मग मुंगीचं काय झालं?'

निळीशाई

हे मला माझ्या मुलीच्या केंद्रात हवंय. मोरपीस, एक विचारू? तुमच्यासारख्या दोनच ताया आणि वीस मुलं असतील तर सुरुवात कुठून करायची? आमच्या ताई चांगल्या आहेत, पण त्यांना कुणी काही शिकवलेलं नाही. त्यांच्यावर एकदम सगळं लादलं तर त्या घाबरतील.

मोरपीस

एकदम काहीच लादू नका. ताईंना एवढंच सुचवा की आठवड्यातली एक दुपार निवडा आणि एकच साहित्य ठेवा. माती, कागद, पाणी, काहीही. मुलांना एक आव्हान द्या, ज्याचं यशापयश मुलांना स्वतःच दिसेल : पूल पडतो किंवा उभा राहतो, होडी तरंगते किंवा बुडते. बरोबर की चूक हे सांगायला ताई लागल्या नाहीत की त्यांचा निम्मा ताण जातो, आणि वीस मुलं 'ताई, बघा ना' म्हणत अंगावर येत नाहीत.

एका ताईंनी सामान आणि भांडणं बघायची, दुसऱ्या ताईंनी त्या वेळात फक्त दोन मुलांकडे लक्ष द्यायचं आणि काय दिसलं ते दोन ओळींत लिहायचं. पुढच्या वेळी दुसरी दोन मुलं. आणि आवरायला वेळ धरून ठेवायला सांगा, पंधरा मिनिटं तरी. पालक दारात उभे आणि खोलीभर चिखल, असं एकदा झालं की ताई पुन्हा त्या वाटेला जाणार नाहीत.

अंगणवेल

आवरण्यासाठी पेट्यांवर अक्षरांऐवजी चित्रं लावायला सांगा. पहिलीची मुलंही मग न विचारता जागच्या जागी ठेवतात. आणि पाण्याचा खेळ असेल तर कपड्यांचा एक जास्तीचा जोड आधी मागवून ठेवा.

निळीशाई

दोन्ही लिहून घेतलं. सोमवारी ताईंशी बोलते आणि इथेच कळवते.